जबलपूरच्या टाचा

जबलपूरला जाऊन आलो म्हटलं की लोक आधी भेडाघाटाचं विचारतात. संगमरवराचे कडे पाहिले का, बोटीतून पाहिले का, चांदण्यात पाहिले का. चांदणं सोडून बाकी सगळं पाहिलं. पण खरं सांगायचं तर जबलपुरात मी सगळ्यात जास्त वेळ पोटऱ्या पाहिल्या. त्यातली एक माझीच होती आणि ती मी आतून पाहिली.

माझी बायको सुनीता रेडिओलॉजिस्ट आहे. सांगलीत तिचं छोटं सेंटर आहे आणि तिथे ती माणसांचे स्नायू बघते, तेही हलताना. बाकीचे डॉक्टर रोग्याला गप पडून राहायला सांगतात, ही म्हणते, "दाबा, सोडा, पुन्हा दाबा." स्नायू आकसतो तेव्हा त्याच्या आत काय होतं, तो ज्या दोराने हाडाला बांधलेला असतो तो दोर किती सरकतो, किती ताणतो, हे सोनोग्राफीच्या पडद्यावर बघायचा तिला छंद आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली. माझ्या चेहऱ्यावरचे भाव तिने कितपत वाचले ते माहीत नाही, पण माझी उजवी पोटरी तिला तोंडपाठ आहे.

या एप्रिलमध्ये जबलपूरच्या एका डॉक्टरांनी तिला तिकडच्या चार डॉक्टरांना हे तंत्र दाखवायला बोलावलं. ती एरवी अशा आमंत्रणांवर आठवडाभर विचार करते. या वेळी फोन ठेवायच्या आत हो म्हणाली, कारण जबलपुरात वंदना होती. सुनीता मूळची नागपूरची. वंदना तिची शाळेतली बाकावरची मैत्रीण, लग्न होऊन जबलपूरला गेली आणि तिथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात ऑफिसला लागली. तिचा डावा पाय सुनीताला बघायचा होता.

हे मी लिहितो आहे ते वंदनाला ठाऊक आहे. मात्र भेडाघाटावर लिहितोय असं तिला सांगितलं आहे. मजकूर तिच्या हाती पडू नये याची व्यवस्था तिची मुलगी करणार आहे, तेव्हा वाचणाऱ्यांनीही जरा सांभाळून घ्यावं.

कॉलनी

सोनोग्राफीचं यंत्र घेऊन गावोगाव फिरायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे यंत्र सांगलीतच राहिलं. आमच्याबरोबर आला तो पाट. जेवायचा नव्हे. सुनीताने सुताराकडून करून घेतलेला, मागे बिजागरी आणि स्प्रिंगचा वजनकाटा लावलेला पाट. त्यावर चवडा ठेवून दाबायचं, म्हणजे किती जोर लावला ते कळतं. तो वाहण्याचं काम माझं. गाडीत समोरच्या बाईंनी कुठली पूजा आहे म्हणून विचारलं. मी "पायांची" म्हणालो, तर त्यांनी मनोभावे हात जोडले.

स्टेशनावर वंदना आणि तिची मुलगी प्रज्ञा आल्या होत्या. "जय भीम, जिजाजी!" म्हणत वंदनाने माझ्या हातातला पाट घेतला आणि तिथेच सुनीताच्या गळ्यात पडली. त्या क्षणी माझ्या बायकोचं मराठी बदललं. वीस-पंचवीस वर्षं सांगलीच्या पाण्यावर घडवलेली भाषा, ती जबलपूरच्या फलाटावर गळून पडली.

"काहून वो, इतकी वाळून राहिली तू?" सुनीता म्हणाली.

"मी वाळली? तूच पाह्य माय स्वतःले," वंदना म्हणाली.

मी आपला पाटाकडे बघत उभा राहिलो. प्रज्ञा माझी बॅग उचलत म्हणाली, "काका, आप टेन्शन मत लो. आई लोक ऐसेच बोलते." तिला मराठी सगळं समजतं, पण बोलायला लागली की दुसऱ्या शब्दालाच हिंदीत शिरते. इंजिनिअरिंग करून आता तिथेच नोकरी करते.

चालताना वंदनाचं डावं पाऊल किंचित आखडत होतं. सुनीताचं बोलणं मैत्रिणीशी चालू होतं आणि डोळे तिच्या टाचेवर होते. मला ते नेहमीचं आहे. आमच्या घरी पाहुणा आला की सुनीता आधी त्याची चाल बघते आणि मग तोंड.

पायाची हकिगत संध्याकाळी चहाबरोबर कळली. मागच्या वर्षी कारखान्याच्या खेळांमध्ये पन्नाशीच्या बायकांची शर्यत होती. वंदना पुढे होती. अचानक टाचेच्या वर काडकन आवाज झाला आणि कुणीतरी मागून लाथ मारली असं तिला वाटलं. मागे मिश्राबाई धावत होत्या. वंदना खाली बसली ती मिश्राबाईंचा उद्धार करतच. मिश्राबाई रडायला लागल्या. दवाखान्यात कळलं की लाथ कुणीच मारली नव्हती. पोटरीला टाचेशी बांधणारी जाड नस तुटली होती.

"सगळ्यांना असंच वाटतं," सुनीता म्हणाली. "पेशंट आधी मागे वळून भांडतो आणि मग माझ्याकडे येतो."

"पण मिश्राबाई आजवर बोलत नाहीत ना माझ्याशी," वंदना म्हणाली. "सॉरी बोलली मी. तरी नाही."

ऑपरेशन झालं, प्लास्टर निघालं, व्यायाम झाले. चालता यायला लागलं. पण एका पायावर, डाव्या चवड्यावर उभं राहायला ती धजत नव्हती. आणि चौदा एप्रिल चार दिवसांवर आला होता.

रात्रीच्या जेवणात मटारची उसळ होती. वंदनाचे यजमान दिलीपभाऊ मोजकं बोलतात आणि उत्तम स्वयंपाक करतात. माझ्या बाबतीत दोन्ही उलट आहे. "एप्रिलमध्ये मटार?" मी कौतुकाने विचारलं. "इथल्याच पाटन गावचे आहेत," दिलीपभाऊ म्हणाले. "हिवाळ्यात सोलून फ्रीजरमध्ये ठेवतो." मी दुसऱ्यांदा वाढून घेतली. तेवढ्यात वंदना फ्रीजर उघडून ओरडली, "अहो! माझी पायाची थैली कुठे गेली?"

रोज व्यायाम झाला की ती टाचेला गोठलेल्या मटारची पिशवी बांधून बसे. बर्फापेक्षा ते बरं, टाचेभोवती नीट बसतं. ती पिशवी वेगळी ठेवलेली असे. दिलीपभाऊंनी चुकून तीच रिकामी केली होती. सगळे माझ्या ताटाकडे बघायला लागले.

"चांगले शिजले आहेत," मी म्हणालो, आणि उरलेली उसळ संपवली.

मैदान

चौदा एप्रिलचं काय एवढं, ते मला त्या संध्याकाळी कॉलनीच्या मैदानावर कळलं. इथल्या मराठी बौद्ध कुटुंबांचं लेझीम पथक आहे, सगळ्या बायका आणि मुली. विदर्भातून कारखान्यात नोकरीला आलेल्या पिढीने सुरू केलेलं. भीमजयंतीच्या मिरवणुकीत ते पुढे असतं आणि पथकाच्या पुढे असते वंदना, गळ्यात शिट्टी घालून. तिच्याआधी तिची सासू होती.

आमच्याकडे सांगलीला लेझीम शिट्टीच्या इशाऱ्यावर चालते. इथे मिरवणुकीत डीजे असतो. सगळ्यांच्या छातीत दणके बसत असतात, शिट्टी कुठली ऐकू येणार? म्हणून या बायकांनी आपला रिवाज काढला आहे. पहिल्या रांगेने पुढारणीच्या टाचेकडे बघायचं, दुसरीने पहिलीच्या, तिसरीने दुसरीच्या. टाच उचलली की आपली उचलायची. नजर खाली, हात आपोआप. आणि पुढारणीने मागे वळून बघायचं नाही. तिने मान वळवली की पाऊल फिरतं आणि शेवटच्या रांगेपर्यंत सगळं विस्कटतं.

शिट्टी हा नुसता दागिना आहे, असं मी म्हणालो. वंदनाने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

तिच्या जागी त्या दिवशी प्रज्ञा पुढे होती. शिट्टी अजून वंदनाच्याच गळ्यात होती आणि ती कडेला खुर्चीवर बसली होती. प्रज्ञाच्या टाचा स्प्रिंग लावल्यासारख्या उचलत होत्या आणि मागे सगळ्या जणी तशाच उठत होत्या. बघायला छान वाटत होतं. वंदनाचा उजवा पाय खुर्चीत बसल्या बसल्या ठेका धरत होता. डावा जमिनीवर स्थिर होता.

"सुनीता," ती एकदम म्हणाली, "मले खरं खरं सांगशील ना? मी चुकली तर मी एकटी नाही चुकत. पूर्ण रांग चुकते. मले जमेल की नाही ते सांग, बस."

"परवा बघते," सुनीता म्हणाली. "आधी तुझ्या जिजाजींची पोटरी दाखवायची आहे डॉक्टरांना."

सदर

सदर म्हणजे इथली छावणीची बाजारपेठ. दुकानं, खाण्याच्या जागा, खरेदीला आलेली फौजी कुटुंबं. क्लिनिक तिथून ऑटोने जवळ होतं. डॉक्टर तिवारी तरुण, उत्साही आणि फार नम्र. यंत्राची नोंदणी त्यांच्या नावावर असल्यामुळे ते हातात त्यांनीच धरायचं आणि सुनीताने शेजारी उभं राहून सांगायचं, असं ठरलं होतं. हात दुसऱ्याचे आणि सूचना तिच्या. मला घरच्यासारखं वाटलं.

मी पालथा झोपलो. पोटरीला गार जेल फासलं गेलं. चार डॉक्टर वाकून पडद्याकडे बघत होते. मीही मान वळवून बघितलं. राखाडी पट्ट्यात पांढऱ्या तिरप्या रेघा, केळीच्या पानाच्या शिरा असाव्यात तशा. वर खाली दोन जाड पांढऱ्या सीमा. ते माझं मांस होतं आणि ते इतकं शिस्तीत मांडलेलं असेल याची मला कल्पना नव्हती.

"सर, अब दबाइए," डॉक्टर तिवारी म्हणाले.

मी पाटावर चवडा दाबला. तिरप्या रेघा हलल्या, आखूड झाल्या आणि जरा उभ्या राहिल्या. पट्टा जाड झाला. मग डॉक्टरांनी यंत्र खाली सरकवलं आणि तिथे तो दोर दिसला, कंडरा म्हणतात त्याला. पांढरा, चमकदार. पोटरीने ओढल्याबरोबर तो वर सरकला. मी सोडलं की परत खाली. आपण चालतो तेव्हा आपल्या आत हे सगळं चाललेलं असतं आणि आपण मात्र भाजीचा भाव आठवत असतो, याची मला जरा लाज वाटली.

"देखिए," सुनीता म्हणाली, "स्नायू आकसला की आधी तो या दोराचा सैलपणा खातो. दोर ताठ झाला की मग टाच हलते. दोर जास्त लांब झाला असेल, तर स्नायूची सगळी मेहनत त्याला ताठ करण्यातच जाते. टाचेला उरत नाही." हे तिने हिंदीत सांगितलं, मी मराठीत लिहितोय, कारण तिचं हिंदी ऐकून डॉक्टर तिवारीही दोनदा खोकले.

"सर, थोड़ा और ज़ोर लगाइए," एक डॉक्टर म्हणाले.

"पूरा लगा दिया," मी म्हणालो.

त्यांनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आदराने नजर वळवली. विमा कार्यालयातल्या खुर्चीत आयुष्य घालवून कमावलेली पोटरी आहे. तिच्याकडून आणखी काय अपेक्षा करायची?

बक्षीस म्हणून मला सदरमध्ये खोव्याची जलेबी मिळाली. काळपट, जाड, आत मऊ. आमच्याकडची जिलबी कुरकुरीत असते आणि खाल्ल्यावर लगेच विसरली जाते. ही गळ्यातून उतरल्यावरही बराच वेळ आठवण देत राहते. सुनीताने एक खाल्ली आणि माझी दुसरी काढून घेतली. शास्त्राच्या नावाखाली माझी ताकद सगळ्यांना दाखवून झाल्यावर निदान जलेबी तरी तिने सोडायला हवी होती.

पाण्याचा घोटाळा

दुसऱ्या दिवशी वंदनाचा नंबर. प्रज्ञाही सुट्टी काढून आली. क्लिनिकच्या बाकावर एक म्हाताऱ्या अम्मा आपल्या गरोदर सुनेला घेऊन बसल्या होत्या. त्यांनी वंदनाच्या फाइलकडे पाहिलं, प्रज्ञाकडे पाहिलं आणि मायेने विचारलं, "बिटिया का है?"

"नहीं अम्मा, मेरा है," वंदना म्हणाली.

अम्मांनी वंदनाच्या पिकलेल्या केसांकडे पाहिलं. पदर तोंडाशी नेला.

"पैर का है अम्मा, पैर का!" प्रज्ञा हसत हसत म्हणाली. मग अम्माही हसल्या, पण त्यांचा पूर्ण विश्वास बसला नसावा. सोनोग्राफी पायाचीही असते हे त्यांना कुणी कशाला सांगितलं असेल.

आत वंदना पालथी झोपली. डॉक्टरांनी यंत्र लावलं, पाट भिंतीला टेकवला. "वंदे, दाब," सुनीता म्हणाली.

पडद्यावरच्या रेघा जेमतेम हलल्या. काटाही जेमतेम. "पुन्हा. जोरात." पुन्हा तेच. सुनीताचा चेहरा मला वाचता येतो. तिने ओठ आत घेतले होते. प्रज्ञाने माझा दंड धरला.

"दुखून राहिलं का?" सुनीताने विचारलं.

"नाही."

"मग लाव ना जोर."

"नाही लावू शकत," वंदना उशीत तोंड खुपसून म्हणाली.

डॉक्टर तिवारींनी यंत्र उचललं. सुनीता मैत्रिणीच्या डोक्याशी वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "वंदे, घाबरू नको. तुटणार नाही. मी आहे ना."

"घाबरून नाही राहिली मी," वंदना दातावर दात धरून म्हणाली. "बाथरूमले जायचं आहे मले! सकाळपासून रोखून धरलं आहे."

झालं होतं असं, की सोनोग्राफी म्हटल्यावर सकाळी ती भरपूर पाणी प्यायली होती. वर बाहेरच्या भैयाने सवयीने आणखी एक बाटली दिली होती, "पानी पी लीजिए दीदी, रोकना है." पोटाच्या सोनोग्राफीला लागतं ते. पोटरीला कशाला लागेल, हा प्रश्न दोघांनाही पडला नाही. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढलेली बाई, सांगितलं ते पाळलं. आणि जिला मूत्राशय सांभाळायचं आहे ती पोटरीवर जोर कसा लावणार!

ती धावत गेली. डाव्या पायाने किंचित आखडत, पण धावत. सुनीताने ते पाहिलं.

परत आल्यावर सगळं वेगळं झालं. रेघा सपासप आखडल्या आणि पट्टा फुगला. माझ्यापेक्षा किती जास्त, ते सांगत नाही. काटाही शेवटच्या आकड्याला टेकला. मग डॉक्टरांनी यंत्र खाली टाचेकडे नेलं. दोर जुळलेला होता, अखंड, जुळला तिथे जाडसर. तो सरकत होता. पण आधी कितीतरी वेळ नुसता ताठ होत होता आणि मग सरकत होता. उजव्या पायाशी ताडून बघितलं. फरक मलाही दिसला.

सुनीताने पुसायचे कागद मैत्रिणीच्या हाती दिले आणि तिच्यासमोर स्टुलावर बसली.

"ऐक. जुळलं आहे, मजबूत आहे. लेझीम खेळलीस तर तुटणार नाही. खेळ. पण जुळताना दोर लांब झाला. पोटरी जोर लावून राहिली, पण त्यातला काही जोर वाया जातो. एका पायावर गेलीस की डावी टाच उजवीइतकी उठणार नाही. व्यायामाने थोडं बरं होईल. पूर्ण नाही."

वंदना कागदाने पाय पुसत राहिली. जेल केव्हाच निघालं होतं.

"मावशी," प्रज्ञाने विचारलं, "कितना कम उठेगा?"

सुनीताने दोन बोटं एकावर एक ठेवून दाखवली. प्रज्ञाने ती बघितली आणि स्वतःची दोन बोटं तशीच धरून बघितली. इंजिनिअर आहे, मला वाटलं, माप घेतेय.

संध्याकाळी मैदानावर वंदनाने गळ्यातली शिट्टी काढली आणि प्रज्ञाच्या गळ्यात घातली. "चलो, आता तूच," ती म्हणाली. "दोन बोटं कमी चालत नाही. रांग पाहून राहते." दिलीपभाऊ घरी गेले आणि त्यांनी त्या रात्री खूप जास्त स्वयंपाक केला.

भेडाघाट

दुसऱ्या दिवशी वंदना आम्हाला भेडाघाटला घेऊन गेली. जिजाजी इतक्या लांबून आले आणि नुसत्या पोटऱ्या बघून जातील हे तिला पटत नव्हतं. धुआंधार धबधब्याचे तुषार चष्म्यावर आले. मग बोट. दोन्ही बाजूंनी पांढरे, पिवळसर, कुठे काळसर कडे सरळ वर गेलेले, आणि मधून नर्मदा गप चाललेली. बोटवाला वल्हं मारता मारता यमकं जुळवून प्रत्येक दगडाची गंमत सांगत होता. एका दगडाला त्याने मोटारगाडी म्हटलं आणि दुसऱ्याला सासू. मी अगदी रंगून बघत होतो. शेजारी सुनीताही एकटक बघत होती. तिच्या नजरेचा माग काढला तर ती बोटवाल्याच्या दंडाकडे बघत होती.

"भैया, कब से चला रहे हो?" तिने विचारलं.

"बचपन से, मैडम."

"दिसतंच आहे," ती मला म्हणाली. "दंडाचा दोर बघ कसा ताठ उभा राहतो." निसर्गाने लाखो वर्षं खर्चून उभे केलेले ते कडे बिचारे तसेच उभे होते.

वंदना हसली नाही. पाण्यात हात घालून बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "माझ्या सासूबाईंनी मरेपर्यंत पुढे नेलं पथक. शेवटी शेवटी त्या हळू नाचायच्या, तर आम्ही सगळ्या हळू नाचायचो. पण त्या म्हाताऱ्या होत्या. मी तर नाही ना झाली म्हातारी." मी नेहमीसारखी थट्टा करायचा प्रयत्न केला आणि मध्येच थांबलो. सुनीताने तिचा ओला हात हातात घेतला आणि परत येईपर्यंत सोडला नाही.

त्या संध्याकाळची तालीम शेवटची होती. प्रज्ञा पुढे होती आणि मला तिचं जरा नवल वाटलं. त्या दिवशी स्प्रिंगसारखी उडणारी पोरगी आज आळसावली होती. उजवी टाच पूर्ण उठत होती. डावी मात्र अर्धवट. वंदनाच्या तर लगेच लक्षात आलं.

"प्रज्ञा! डावी काहून अर्धी उचलून राहिली? पूर्ण उचल ना वो!"

"हाव आई," प्रज्ञा म्हणाली आणि पुन्हा तशीच उचलली. मागच्या रांगांनीही तशीच.

"थकली बाप्पा पोरगी," वंदना मला म्हणाली. "ऑफिसातून येते, खाते काही नाही." मग ती चिडून घरी निघून गेली. ती गेल्यावरही मैदानावर लेझमांचा आवाज बराच वेळ येत होता.

चौदा एप्रिल

मिरवणूक ऊन उतरल्यावर निघाली. पांढरी लुगडी, निळे फेटे, निळे झेंडे, रथावर बाबासाहेबांची तसबीर आणि डीजेचे दणके असे की माझ्या छातीतले विम्याचे सगळे हप्ते हलले. वाटेत जागोजागी सरबत. एका टेबलामागे मिश्राबाई उभ्या होत्या. त्यांनी वंदनाला पाहिलं, एक पेला भरला आणि न बोलता पुढे केला. वंदनाने तो न बोलता संपवला. पेला परत देताना दोघी एकदम हसायला लागल्या.

पथक रांगेत उभं राहिलं. वंदना कडेला, माझ्याजवळ. लेझीम हातात होती, सवय म्हणून. तेवढ्यात प्रज्ञा आपली जागा सोडून आली, गळ्यातली शिट्टी काढली आणि आईच्या गळ्यात घातली.

"आई, तू पुढे हो."

"पागल झाली का? दोन बोटं..."

"मैं आगे नहीं जाऊँगी. कोई नहीं जाएगी. पूछ लो."

वंदनाने रांगांकडे पाहिलं. सगळ्या जणी खाली बघत उभ्या होत्या, तिच्या मोकळ्या जागेकडे. कुणीही तिच्याशी नजर मिळवेना. डीजेवाला हात वर करून इशारा मागत होता. ती गेली. आपल्या जागेवर उभी राहिली, फेटा नीट केला, आणि निघाली.

मी आणि सुनीता मागे राहिलो, शेवटच्या रांगेच्या मागे. वंदनाची उजवी टाच उठली, ऐटीत. डावी उठली, दोन बोटं कमी. आणि पहिल्या रांगेतली प्रत्येक डावी टाच दोन बोटं कमी उठली. दुसऱ्या रांगेतली. तिसऱ्या. शाळेतल्या मुलींपासून नातवंडं असलेल्या बायकांपर्यंत सगळ्यांची उजवी टाच पूर्ण आणि डावी दोन बोटं कमी, अगदी एका मापाने. काल संध्याकाळी पोरगी आळसावलेली नव्हती. ती शिकवत होती.

कुणाला वाटलं असतं की ही लेझीम मुळातच अशी आहे. डावीकडे जरा झुकणारी, भारदस्त. मला तर ती उड्या मारणाऱ्या लेझमीपेक्षा देखणी वाटली. सुनीताकडे पाहिलं तर तिने चष्मा काढला होता. "पोटरी न पाहता टाच पाहिली मी आज," ती म्हणाली आणि नाक पुसलं.

पुढारणीने मागे बघायचं नसतं. वंदनाने पूर्ण मिरवणुकीत एकदाही बघितलं नाही. लोकांनी व्हिडिओ काढले ते समोरून, त्यात चेहरे आणि फेटे आले. टाचा आल्या नाहीत.

रात्री घरी दिलीपभाऊंनी केलेली खीर होती. वंदना टेबलाशी बसली, टाचेला नव्या मटारची पिशवी बांधून. या वेळी पिशवीला लाल दोरा होता. प्रज्ञा तिच्या बाजूला बसून मोबाइल बघत असल्याचं नाटक करत होती.

"जिजाजी," वंदना मला म्हणाली. तिचा चेहरा इतका उजळला होता की आधी कधी तसा पाहिला नव्हता. "तुम्ही तर मागे होते. खरं सांगा. माझी डावी टाच कमी उठून राहिली होती, ते समजलं का कोणाले? वेगळी दिसून राहिली होती का मी?"

मी तोंड उघडलं. गंमत म्हणून सांगून टाकणार होतो, माझी सवयच आहे ती. तेवढ्यात टेबलाखाली सुनीताचा चवडा माझ्या पावलावर आला आणि तिने पोटरीची सगळी ताकद लावून दाबला. आतल्या रेघा कशा आखडल्या असतील, दोर कसा ताठ झाला असेल, हे मला यंत्राशिवाय दिसलं.

"नाही वंदनाताई," मी म्हणालो, "तुम्ही अगदी सगळ्यांसारख्याच दिसत होता."